कव्हर लेटर: आधी घरच्या बोलीत सांगा, मग कागदावर उतरवा

जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या एका कारखान्यात मी १८ वर्षं माणसं भरायचं काम केलं. आधी खात्याच्या दारावर ‘पर्सोनेल’ अशी पाटी होती, मग ती काढून ‘एचआर’ लावली. टेबल, पंखा आणि मी मात्र तेच. स्टोअर कीपरच्या एका जागेला शंभर-सव्वाशे अर्ज सहज यायचे आणि बायोडाटासोबत जोडलेल्या बहुतेक पत्रांची, म्हणजे कव्हर लेटरची, सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ अशी असायची. १८ वर्षं मी सर होते.

आता नोकरी सोडून अमळनेरला घरी असते. गल्लीतली, नात्यातली पोरं-पोरी मोबाइल पुढे करतात, ‘काकू, जरा पाहता का?’ पाहते. दहातल्या आठ पत्रांत तीच ओळ: ‘आय ॲम रायटिंग टू एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट’. पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूटवाले सगळ्यांना एकच नमुना द्यायचे, ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’. आता तेच काम मोबाइल करतो. फरक एवढाच, की तेव्हा वाचणाऱ्याला मराठीतून कंटाळा यायचा.

सुरुवातीलाच सांगून टाकते, सरकारी भरती, रेल्वे, बँकेच्या परीक्षा यांना या पत्राचा काही उपयोग नाही. तिथे ठरलेला फॉर्म असतो, तो बिनचूक भरा आणि झोपा. शिक्षण संस्थेच्या जाहिरातीत ‘स्वहस्ताक्षरातील अर्ज’ असं असेल तर खरंच हाताने लिहा, समास सोडून. मी सांगतेय ते खासगी नोकरीबद्दल, जिथे पलीकडे एक माणूस बसलाय आणि त्याच्यासमोर ढीग आहे.

तो माणूस ढीग कसा उपसतो ते आधी समजून घ्या. मी एका अर्जाला साधारण एक मिनिट द्यायची. पत्राच्या पहिल्या तीन ओळी, मग बायोडाटातली शेवटची नोकरी किंवा शिक्षण, आणि त्या तीन ओळींनी धरून ठेवलं असेल तरच पत्राचा मधला भाग. बायोडाटात तुम्ही काय शिकलात, कुठे होतात ते असतं. पत्रात एकच गोष्ट हवी: जाहिरातीतलं हे काम तुम्हाला जमेल असं मी का मानावं? मेहनती आहात, प्रामाणिक आहात, हे सगळेच लिहितात. अप्रामाणिक आहे असं लिहिणारा मला १८ वर्षांत भेटला नाही.

गेल्या मे महिन्यात नणंदेचा मुलगा आला. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव, बी.कॉम. झालेला. दुपारचे दोन, पारा ४४-४५ च्या घरात, त्यात लाइट गेलेली. पुण्याजवळच्या एका फळांच्या कंपनीला रायपनिंग चेंबरसाठी, म्हणजे केळी पिकवायच्या खोल्यांसाठी, क्वालिटी सुपरवायझर हवा होता. पदवी, ताज्या फळांच्या प्रतवारीचा अनुभव, एक्सेल आणि रात्रपाळीची तयारी, एवढं जाहिरातीत होतं. त्याने लिहून आणलेलं पत्र असं: ‘मी एक मेहनती, प्रामाणिक व डायनॅमिक तरुण असून मला नवीन गोष्टी शिकण्याची आवड आहे. आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी आपला आयुष्यभर ऋणी राहीन.’

‘अनुभव का नाही लिहिलास?’

‘अनुभव कुठाय मामी, घरचंच तर काम केलं.’

मी कागद पालथा घातला आणि अहिराणीत विचारलं, ‘तू तठे काय करस, ते सांग माले.’

‘समदं मीच पाहस,’ म्हणाला, आणि मग थांबेचना. काकाचं केळीचं पॅकहाउस आहे. घड कापून आले की फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यात धुऊन चीक काढायचा, १३ किलोच्या पेट्या भरायच्या, गाडी लावायची. पहिल्या वर्षी व्यापारी डागांवरून पेट्या नापास करायचा आणि काका मजुरांवर ओरडायचा. ह्याने कुणावर न ओरडता एक वही केली. कोणता माल किती वाजता कापला, टाकीतलं पाणी कधी बदललं, किती पेट्या नापास झाल्या. तीन आठवड्यांत त्याला दिसलं की घोटाळा मजुरांच्या हातात नाही, घड्याळात आहे. हे सगळं त्याने मला वीस मिनिटांत सांगितलं, हातवारे करून, आणि यातलं एक अक्षर पत्रात नव्हतं.

‘डायनॅमिक’ला अहिराणीत शब्द नाही. ‘रिझल्ट ओरिएंटेड’लाही नाही. म्हणून बोलीत बोलायला लागलं की माणूस आपोआप केलेलं काम सांगतो, गुण सांगत बसत नाही. प्रमाण मराठीत आपण हात जोडतो आणि इंग्रजीत छाती फुगवतो. दोन्हीकडे काम राहून जातं. तेव्हा पहिली पायरी लिहायची नाहीच. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि आईला, मित्राला, कुणालाही घरच्या बोलीत सांगा की मी तिथे रोज काय करायचो आणि एकदा काय अडलं तेव्हा काय केलं. अहिराणी असो, लेवा गणबोली असो, भिलोरी असो. मग ते ऐका आणि दोनच गोष्टी टिपा: आकडे आणि क्रियापदं. मोजलं, बदललं, थांबवलं, जुळवलं. तेच तुमच्या पत्राचं सामान.

दुसरी पायरी, जाहिरात पेन्सिल घेऊन वाचायची. त्यांनी जे मागितलंय त्याच्याखाली रेघ मारा आणि प्रत्येक रेघेसमोर आपल्याकडचं एक काम लिहा. चारपैकी तीन जुळली तर अर्ज करा. चारही जुळायची वाट पाहत बसणाऱ्यांत मुलीच जास्त दिसल्या मला. मुलगे एक जुळलं तरी पाठवतात.

संध्याकाळी लाइट आली तेव्हा आमचं पत्र तयार होतं. नाव-पत्ता काढून ते तसंच देते.

‘महोदय/महोदया,

आपल्या क्वालिटी सुपरवायझर पदाच्या जाहिरातीत ताज्या फळांच्या प्रतवारीचा अनुभव मागितला आहे. चोपडा तालुक्यातील आमच्या घरच्या केळी पॅकहाउसवर मी दोन हंगाम तेच काम केले आहे.

पहिल्या हंगामात शंभर पेट्यांमागे आठ-नऊ पेट्या डागांमुळे नापास होत. मी तीन आठवडे प्रत्येक मालाची कापणीची वेळ, धुण्याचे पाणी बदलल्याची वेळ आणि नापास पेट्या वहीत लिहिल्या. सकाळी नऊनंतर कापलेला माल उन्हात पडून राहतो आणि चिकाने गढूळ झालेले पाणी दुपारपर्यंत तसेच राहते, हे त्यातून दिसले. कापणी पहाटे पाचला सुरू करून नऊला थांबवली, घड शेडनेटखाली ठेवले आणि दर दोन तासांनी पाणी बदलले. पुढच्या महिन्यात नापास पेट्या शंभरामागे तीनवर आल्या. १४ मजुरांची हजेरी आणि पेट्यांचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो.

रायपनिंग चेंबरमध्ये मी अजून काम केलेले नाही. मात्र कच्चा माल १३ अंशांच्या खाली गेला की साल धुरकट पडते आणि तो नीट पिकत नाही, हे माल पाठवणाऱ्याच्या बाजूने मला माहीत आहे. आलेला माल शेतात बिघडला, धुण्यात बिघडला की गाडीत, हे मी उतरवून घेतानाच सांगू शकेन.

रात्रपाळीची आणि पुण्याजवळ येऊन राहण्याची तयारी आहे. निवड झाल्यास दहा दिवसांत रुजू होईन. बायोडाटा सोबत आहे. वर लिहिलेली नोंदवही मुलाखतीत दाखवता येईल.’

खाली नाव आणि मोबाइल नंबर. एवढंच. दोनशे शब्दांच्या आत. अनुभव दहा-पंधरा वर्षांचा असेल तर साडेतीनशेपर्यंत जा, पण कागदाची एक बाजू ओलांडू नका.

आता यातली नस कुठे आहे ते बघा. पहिल्या परिच्छेदात दोनच वाक्यं: तुम्ही हे मागितलं, मी तेच केलंय. ‘मी अमुक अमुक, राहणार अमुक’ अशी सुरुवात नाही. नाव खाली आहेच. दुसऱ्या परिच्छेदात एकच प्रसंग, पण पूर्ण: काय बिघडलं होतं, मी काय पाहिलं, काय बदललं, किती फरक पडला. तीन प्रसंग अर्धे-अर्धे सांगण्यापेक्षा हा एक पुरतो. आणि आकडे असेच लिहा जे मुलाखतीत उलटसुलट विचारले तरी तुम्हाला सांगता येतील. कारखान्यात एकाने ‘उत्पादन ४० टक्के वाढवले’ लिहिलं होतं. कशाच्या ४० टक्के, विचारलं, तर पंख्याकडे बघायला लागला.

‘रायपनिंग चेंबरमध्ये मी अजून काम केलेले नाही’ या ओळीवरून मात्र आमचं चांगलंच वाजलं. तो म्हणे, आपल्या तोंडाने कशाला सांगायचं? मी म्हटलं, बायोडाटा वाचून त्यांना कळणारच आहे. तुम्ही गप्प बसलात तर वाचणारा म्हणतो, लपवतोय. तुम्हीच सांगितलंत आणि लगेच पुढे ‘पण हे येतं’ म्हणालात, तर त्याचा प्रश्न तिथेच मिटतो. फक्त ‘मात्र’च्या पुढे काहीतरी खरं असायला हवं. ‘मात्र शिकण्याची तयारी आहे’ हे काही खरं नव्हे, ते सगळ्यांचंच असतं.

आणखी एक आपली सवय: ‘आम्ही केलं.’ घरात हे शोभतं, पत्रात नाही. काकाने केलं ते काकाचं, तुम्ही केलं ते ‘मी’. उगाच मोठेपणा घेऊ नका आणि उगाच लाजूही नका.

हा मुलगा नशीबवान, सांगण्यासारखं काम होतं त्याच्याकडे. पण माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी पोरं अशी, की ज्यांची तीन-चार वर्षं एमपीएससीत गेली. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, नाहीतर जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकेत. ती वर्षं पत्रात कशी लिहायची यावर ती अडतात आणि मग तारखाच गाळतात. असं करू नका, बायोडाटात भोक दिसतंच. सरळ लिहा: ‘२०२१ ते २०२४ स्पर्धा परीक्षेची तयारी केली, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो. आता खासगी क्षेत्रातच पूर्णवेळ काम करायचे ठरवले आहे.’ पहिलं वाक्य काही जण तरी लिहितात, दुसरं कुणी लिहीत नाही, आणि मालकाला भीती असते ती त्याचीच: पुढची जाहिरात निघाली की हा निघाला. ते वाक्य मनापासून लिहिता येत नसेल तर अजून तुमचं ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बायकांच्या बाबतीत लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण. याची कहाणी सांगायची गरज नाही. ‘२०१९ ते २०२३ घरच्या जबाबदारीमुळे नोकरीत नव्हते, गेले वर्षभर दोन दुकानांची टॅलीतली खाती सांभाळते.’ शेवटी सध्याचं काम यायला हवं, छोटं असलं तरी.

काय गाळायचं त्याची यादी मोठी आहे, पण एका शब्दात सांगायचं तर लग्नाचा बायोडाटा. जन्मतारीख, जात, उंची, वडिलांचा व्यवसाय, बहिणी कुठे दिल्या. एकाने रास लिहिली होती. कन्या. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहा. घरची गरिबी लिहू नका. मला वाचून वाईट वाटायचं, खरंच वाटायचं, पण जागा त्यावर भरता येत नव्हती. आणि ‘आपला आज्ञाधारक’, ‘आयुष्यभर ऋणी’ हे कायमचं सोडा. तुम्ही काम देणार, ते पगार देणार, ऋण कसलं त्यात?

‘हीच कंपनी का’ असा एक परिच्छेद लिहायचा असतो, असं पोरांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मग ती वेबसाइटवरून कंपनीचा इतिहास उतरवून कंपनीलाच पाठवतात. आमच्या अमळनेरच्या पोरांना एक मोह हमखास होतो. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. मग विप्रोला पत्र लिहिताना ‘तुम्हीही अमळनेरचे, मीही अमळनेरचा’ हे येतंच. ऐकायला गोड आहे, पण गाववाला असणं म्हणजे काम येणं नव्हे. त्यांच्या कामातली एखादी बाब आणि तुमच्या कामातली एखादी बाब जिथे भेटते तेवढं एक वाक्य लिहा. सापडत नसेल तर तो परिच्छेदच नको. आमच्या पत्रात तो वेगळा नाहीच, ‘उतरवून घेतानाच सांगू शकेन’ यातच तो आला.

आता बारीकसारीक. वाचायला बारीक, पण अर्ज बाद होतात ते इथेच.

मायना: माणसाचं नाव कळत असेल तर नावानेच लिहा. कंपनीच्या नंबरवर फोन करून ‘अर्ज कुणाच्या नावे पाठवू?’ असं विचारलं तर ऑपरेटर सांगतो, त्यात लाजायचं काही नाही. नाही कळलं तर ‘महोदय/महोदया’, इंग्रजीत ‘डिअर हायरिंग टीम’. नुसतं ‘सर’ नको. का, ते सांगून झालंय.

भाषा: जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्या भाषेत. डाळ मिल, चटई कारखाना, पतसंस्था यांची जाहिरात मराठी पेपरात आली असेल तर मराठीतच लिहा. मोडक्या इंग्रजीने तिथे वजन पडत नाही. इंग्रजीत लिहायचं असेल तरी आधी मराठीत पूर्ण करा आणि मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. मोबाइलकडून व्याकरण तपासून घ्यायला माझी हरकत नाही. त्याला ‘छान करून दे’ म्हणालात की मात्र तो तुमची वही काढून टाकतो आणि ‘डायनॅमिक’ परत घालतो.

फॉन्ट: झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेत असाल तर युनिकोडमध्ये करायला सांगा. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये केलेली वर्डची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अगम्य इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते. माझ्याकडे असे कित्येक आले. त्यात एखादा हिरा असेलही, मला वाचताच आला नाही. काहीही असो, पाठवताना पीडीएफ.

विद्यापीठाचं नाव प्रमाणपत्रावर जसं छापलंय तसंच लिहा. आपल्याकडे यात गोंधळ होतो. १९९० साली विद्यापीठ जळगावला निघालं, त्याआधीच्या आपल्या कॉलेजच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या. मग ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’, आणि २०१८ नंतर ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. पत्रात एक, बायोडाटात दुसरं आणि मार्कशीटवर तिसरं असलं की बाहेरगावच्या माणसाला तीन विद्यापीठं वाटतात. ‘उमवि’ तर पुण्याच्या पुढे कुणाला कळत नाही.

ई-मेल: विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि तुमचं नाव. पत्र मेलमध्येच लिहा, बायोडाटा जोडा. जाहिरातीत वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा. फाइलला स्वतःचं नाव द्या, ‘न्यू फायनल २’ नको. कॉलेजात गमतीने काढलेला मेल आयडी असेल तर नवीन काढा, पाच मिनिटांचं काम आहे. एमआयडीसीतले बरेच मालक आता ‘व्हॉट्सॲपला टाक’ म्हणतात. तिथे पत्रातला पहिला परिच्छेद, प्रसंगाच्या दोन ओळी आणि नाव टाका, खाली बायोडाटा. सकाळी सहाला पाठवू नका आणि ‘गुड मॉर्निंग’चं फूल तर अजिबात नको.

पाठवण्याआधी पत्र एकदा मोठ्याने वाचा. धाप लागली तिथे वाक्य तोडा. मग दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, आणि कंपनीचं नाव तीनदा तपासा. हे मी अनुभवाने सांगते. १९९६ साली टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून मी एकाच दुपारी तीन कंपन्यांना पत्रं टाइप केली. वरचा पत्ता प्रत्येक वेळी बदलला, पण ‘आपल्या कंपनीत’च्या जागी नाव घालायची हौस नडली आणि धुळ्याच्या कंपनीच्या पत्रात नाशिकच्या कंपनीचं नाव राहिलं. त्यांनी मुलाखतीला बोलावलं. मी खूश. गेले, तर साहेबांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं, त्या नावाखाली लाल पेनाची रेघ होती. ‘बाई, नाशिकची गाडी समोरून सुटते,’ म्हणाले. चहा मात्र पाजला.

पत्र गेल्यावर आठ दिवस गप्प राहायचं. मग एकदाच, कामाच्या वेळेत, फोन किंवा दोन ओळींचा मेल: अमुक तारखेला अमुक पदासाठी अर्ज पाठवला होता, मिळाला का? त्यानंतरही काही कळलं नाही तर पुढच्या जाहिरातीला लागा. पण तेच पत्र नाव बदलून पाठवू नका. प्रसंग तोच ठेवा, पहिला परिच्छेद नवा लिहा, कारण मागणी नवी आहे.

नणंदेच्या मुलाला नवव्या दिवशी फोन आला: सोमवारी या, आणि ती वही आणा. शनिवारी तो माझ्याकडे आला, तर हातात तपकिरी कागद, कात्री आणि लेबल. वहीच्या पुठ्ठ्यावर चिकाचे काळे डाग पडले होते आणि केळीचा डाग काही धुऊन जात नाही. ते बरं दिसत नाही म्हणून त्याला कव्हर घालायचं होतं. कागद मी काढून घेतला आणि कपाटात ठेवला.